चेहरा तोच, पण चाल? : जुने शत्रू आणि परतून आलेले गेम

तिसरी लाइफ
गेले तीन दिवस 'डूम इटर्नल' पुन्हा काढून बसलेय आणि पुन्हा त्याच एका प्राण्यापाशी अडकलेय. मरॉडर. ज्यांनी २०२० मध्ये हा गेम खेळलाय त्यांनी नाव वाचूनच दातओठ खाल्ले असतील.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: बाकीचा सगळा गेम कानीकपाळी ओरडत असतो की थांबू नकोस. गोळ्या संपल्या? करवत चालव. जीव कमी पडला? अर्धमेल्या राक्षसाला हातांनी फाड. चिलखत हवं? त्यांच्यावर आग ओक. असं भिरभिरायची सवय लागली की हा गडी येतो आणि सगळा नाचच बंद पाडतो. जवळ गेलात तर शॉटगन. लांब गेलात तर कुऱ्हाडीचा फटकारा हवेतून येतो. ढालीवर गोळी झाडलीत तर भुताचं कुत्रं अंगावर सोडतो. मधल्याच एका अंतरावर रेंगाळायचं, त्याचे डोळे हिरवे चमकायची वाट पाहायची आणि पापणी लवायच्या आत बार काढायचा.

पहिल्या वेळी मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. यावेळी गंमत झाली. तो दिसायला कसा होता ते मला धड आठवत नव्हतं, पण तो समोर आल्यावर पाय आपोआप त्या मधल्या अंतरावर जाऊन थांबले. मेंदू विसरला होता, अंगठे नव्हते विसरले. (आणि तरी मेलेच, ते वेगळं.)

त्यावरून पॅकमॅनची भुतं आठवली. १९८० चा गेम. चादर आणि दोन डोळे, एवढंच त्यांचं रूप. रंग सोडला तर चौघं एकसारखी. तरीही चार वेगळे स्वभाव आहेत, कारण चौघांची चाल वेगळी आहे. लाल भूत थेट तुमच्या मागे. गुलाबी तुमच्या तोंडासमोरची चार घरं सोडून पुढची जागा गाठायला बघतं, म्हणून ते नेहमी 'समोरून' येतं. निळं लाल कुठे आहे ते पाहून आपला नेम ठरवतं, त्यामुळे त्याचा भरवसा नाही. आणि नारिंगी माझं लाडकं: लांबून ऐटीत येतं, आठ घरांच्या आत आलं की धीर सुटतो आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे पळ काढतं.

आता मुद्दा. नव्या भागाचा किंवा रीमेकचा ट्रेलर येतो, त्यात जुना शत्रू दिसतो, आपण टाळ्या पिटतो. मग गेम हातात येतो आणि कळतं की आणलाय तो फक्त चेहरा. अंगावरची लव सुद्धा मोजून काढलीय, पण वागणं कुठल्याही चार पोत्यांसारखं. गोळ्या मारा, पडेल.

तर सांगा: चालीमुळे लक्षात राहिलेला शत्रू कोणता, आणि पुढच्या भागात त्या चालीचं काय झालं? 'ग्राफिक्स कमाल' एवढंच लिहायचं असेल तर त्याला दुसरे धागे आहेत.

खडूस
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. तोवर एवढंच, की मरॉडर हा वाईट शत्रू आहे.

पिक्सेलपाखरू
मस्त धागा! गुलाबी भुताची एक भर घालते. ते चार घरं पुढे बघतं ना, त्यात गेमच्या प्रोग्रॅमचीच एक चूक आहे. पॅकमॅनचं तोंड वरच्या दिशेला असेल तर हिशोब गडबडतो आणि ते चार घरं वर अधिक चार घरं डावीकडे असा नेम धरतं. म्हणजे तुम्ही वर जात असाल तर ते तुमच्या पुढे न येता भलतीकडेच निघतं. जुने मुरलेले खेळाडू याचा फायदा घ्यायचे.

शिवाय भुतं सतत पाठलागही करत नाहीत. पहिल्या लेव्हलला सात सेकंद आपापल्या कोपऱ्यात, मग वीस सेकंद पाठलाग, मग परत कोपरा. पाठलाग आणि कोपरा यांची अदलाबदल झाली की सगळी एकदम उलट फिरतात. लहानपणी वाटायचं माझ्या भीतीने फिरली. कसलं काय, घड्याळ वाजलेलं असायचं.

मंदगती
पाखरू, सात-वीसचं हे मला आज कळलं. इतकी वर्षं मी माझ्या कौशल्याला श्रेय देत होतो. दंडवत.

खडूस
आलो.

मूळ मुद्दा मान्य, पण एक टाचणी लावतो. तुम्ही ज्याला 'चाल' म्हणून डोक्यावर घेताय, त्यातल्या निम्म्या गोष्टी कुणी ठरवून केलेल्याच नव्हत्या.

'स्पेस इन्व्हेडर्स', १९७८. शत्रू कमी होतील तसे उरलेले जोरात पळतात, शेवटचा तर सुसाट. लोक म्हणतात, बघा ताण कसा वाढवलाय. अहो, मशीन दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, एकाच शत्रूला सरकवत होतं. पंचावन्न शत्रू असताना सगळ्यांचं एक पाऊल पडायला पंचावन्न फ्रेम लागायच्या. एकच उरला की त्याचा नंबर प्रत्येक फ्रेमला. गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं हा त्यांचा शहाणपणा, पण मुळात ती मशीनची दमछाक होती.

'प्रिन्स ऑफ पर्शिया', १९८९. आरशातून उडी मारल्यावर बाहेर पडणारी ती सावली, जी पुढे तुमच्या डोळ्यांदेखत औषध पिऊन टाकते, ती का आली? मेमरीत नव्या पात्राची चित्रं मावत नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रं घेऊन, त्यांच्यावर गणिती उलटापालट करून दुसरा माणूस उभा केला.

'सायलेंट हिल'मधलं धुकं, १९९९. लांबचं गाव काढून दाखवायची यंत्राची ताकद नव्हती, म्हणून धुकं.

आता सांगा, नव्या भागाने नेमकं काय जपायचं? अडचण? आज ती अडचणच उरलेली नाही. तुम्हाला हवी आहे ती चाल नसून तेव्हाचं तुमचं वय आहे. ते कुठल्याच रीमेकमध्ये मिळत नाही.

रात्रवेडा
शेवटचं वाक्य काळजाला लागलं राव. पण धुक्याचं उदाहरण तुमच्याच अंगावर उलटतंय. २०१२ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची एचडी आवृत्ती आली, त्यात धुकं विरळ झालं आणि तळ्याचं पाणी मध्येच संपलेलं दिसायला लागलं. अडचण दूर झाली, आणि भीती पण गेली. २०२४ च्या रीमेकमध्ये हवं तेवढं लांबचं दाखवता येत होतं, तरी त्यांनी धुकं दाट ठेवलंच ना? म्हणजे कारण तांत्रिक होतं, काम तांत्रिक नव्हतं.

तिरकी चाल
खडूसराव, अपघात तर अपघात. ठेवला कुणी? अपघात तर प्रत्येक गेममध्ये रोज शंभर होतात, त्यातले नव्व्याण्णव दुरुस्त करून टाकतात. शंभरावा राहतो तो कुणीतरी बघून, खेळून, 'हा असू दे' म्हटल्यावर.

आणि त्या सावलीबद्दल अर्धंच सांगितलंत. शेवटी तिच्याशी तलवारीने लढायला गेलात तर तिला लागलेला वार तुम्हालाच लागतो. जिंकायचं कसं? तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात. अकरा लेव्हल तलवार चालवायला शिकवून बाराव्या लेव्हलला ती खाली ठेवायला लावणं हे मेमरीच्या टंचाईने सुचत नाही. टंचाईने फक्त सावली दिली. तिची चाल माणसाने दिली.

हे वर तासाभराची मुदत चालू असताना. मी पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा चार मिनिटं उरली होती. लढत बसलो. मेलो. परत लढलो. परत मेलो. तलवार म्यान करता येते हे बटण मला माहीत होतं, पण समोर शत्रू असताना ते दाबायचं धैर्य होईना.

पिक्सेलपाखरू
+१ तिरकी चाल. त्या पातळीवर आमच्याकडे भावाबहिणीत भांडण झालं होतं. तो म्हणायचा मार, मी म्हणायचे सोड. शेवटी चुकून सुटलं, दोघंही 'बघ, मी म्हटलं नव्हतं' म्हणत बसलो.

नवशिकी
मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान, त्यामुळे उलट्या बाजूने लिहिते. मला जुन्याची आठवणच नाही. 'रेसिडेंट ईव्हल ४' मी आधी २०२३ चा रीमेक म्हणून खेळले, आवडला म्हणून मग २००५ चा मूळ काढला.

पहिला अर्धा तास वाटलं कंट्रोलर बिघडलाय. बंदूक रोखली की आपला नायक लिऑन जागच्या जागी खिळतो! चालत चालत गोळी मारताच येत नाही. गावातले वीस लोक कुऱ्हाडी, कोयते घेऊन येतायत आणि हा खांबासारखा उभा. हे लोकांना आवडायचं?

पण मग एक लक्षात आलं. ते गावकरी लांबून धावत येतात आणि जवळ आले की हळू होतात. अगदी पावलं मोजत. म्हणजे तुम्ही थांबलेले असणार हे धरूनच त्यांची चाल बेतली आहे. एक गोळी गुडघ्यावर, तो वाकला की पुढे धावून लाथ, लाथेने शेजारचे दोघं पण आडवे, तेवढ्यात मागे वळून पळायचं, परत थांबायचं. थांब-पळ, थांब-पळ. दुसऱ्या दिवशी मला तो ठेका लागला आणि मग रीमेक जरा मोकाट वाटायला लागला. रीमेकमध्ये चालता चालता गोळी मारता येते, त्यामुळे तेही जास्त अंगावर येतात, कधी गोळी खाऊनही डगमगत नाहीत.

मग प्रश्न पडला. रीमेकने चाल बदलली हे बरोबर आहे, पण आपले पायच मोकळे केल्यावर त्यांची चाल तीच ठेवली असती तर गेम पोरखेळ झाला असता. मग हे तिसरी लाइफ म्हणतायत तसं 'चाल गमावणं' आहे का?

तिसरी लाइफ
नवशिकी, तुझं निरीक्षण माझ्या मूळ पोस्टपेक्षा धारदार आहे. नाही, याला मी गमावणं म्हणणार नाही. चाल दोघांची असते, आपली आणि त्याची. एकाची बदलली तर दुसऱ्याची बदलायलाच हवी. आणि बदल्यात त्यांनी सुरीने वार अडवायची सोय दिली, अगदी करवतवाल्याचासुद्धा. फक्त सुरी झिजते. मूळ गेममध्ये ती कधीच झिजत नव्हती. हा सौदा मला पटला.

मी ज्यावर चिडते ते असले बदल नाहीतच. मी चिडते जिथे बदल पण केला नाही आणि जपलं पण नाही, नुसतं लेबल चिकटवलं.

खडूस
नाव घ्या की मग. एवढं गोलगोल का?

तिसरी लाइफ
नावं घेतली की धागा त्या एका गेमचा होतो आणि पन्नास प्रतिसाद 'मला तर आवडला' असे येतात. अनुभवाचे बोल.

रात्रवेडा
भीतीच्या गेममधलं एक उदाहरण देतो, जिथे चेहरा जुना पण चाल नवी, आणि नवी चाल जुनीपेक्षा सरस.

मिस्टर एक्स, तो मागे लागणारा धिप्पाड गडी. १९९८ च्या 'रेसिडेंट ईव्हल २' मध्ये तो दुसऱ्या फेरीत ठरलेल्या जागी यायचा. भिंत फोडून आला की दचकायचो, पण एकदा माहीत झालं की झालं. २०१९ च्या रीमेकमध्ये तो पोलीस स्टेशनभर फिरतो. बूट वाजतात. वरच्या मजल्यावर आहे की शेजारच्या खोलीत ते आवाजावरून ओळखायचं. गोळी झाडलीत की आवाजाच्या दिशेने येणार. मारता येत नाही, फक्त काही क्षण गुडघ्यावर आणता येतो.

याने काय झालं माहितीये? सगळा गेमच बदलला. आधी मी झाँबी दिसला की गोळी घालायचो. आता विचार करायला लागलो की आवाज परवडेल का. कोडं सोडवताना एक कान कायम दाराकडे. एकदा मी सेव्हच्या खोलीत उभा होतो, बूट दाराबाहेर येऊन थांबले, तो आत येत नाही हे माहीत असूनही मी कंट्रोलर मांडीवर ठेवून हात वर केले होते. का केले मलाच माहीत नाही.

अवांतर: त्याची टोपी गोळीने उडवता येते. काही उपयोग नाही. पण करून बघा.

पिक्सेलपाखरू
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). हात वर!

रात्रवेडा, याच जातीचा 'एलियन: आयसोलेशन' (२०१४) खेळला असशीलच. त्यातल्या एलियनला म्हणे दोन मेंदू आहेत. एकाला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं, पण तो प्राण्याला पूर्ण सांगत नाही, 'त्या भागात जाऊन बघ' एवढीच कुजबूज करतो. शोधायचं काम प्राण्याच्या स्वतःच्या डोळ्या-कानांनी. म्हणून तो फसवणूक करतोय असं वाटत नाही, तरी कधी फार लांबही जात नाही.

तिरकी चाल
'फिअर' (२००५) चे सैनिक आठवले यावरून. आजही लोक त्यांना सगळ्यात हुशार शत्रू म्हणतात. त्यांच्या डोक्यात सगळ्या मिळून तीनच अवस्था होत्या, बाकी काम योजना आखणाऱ्या भागाचं. आणि निम्मी हुशारी तोंडात! 'तो बाजूने येतोय', 'आड व्हा' असं एकमेकांना ओरडून सांगतात म्हणून आपल्याला वाटतं काय कट शिजतोय. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपापला आडोसा शोधत असतो, आणि रस्ते असे आखलेत की जाता जाता आपोआप वेढा पडतो.

'हेलो' (२००१) बनवणाऱ्यांनी तर चाचण्यांत पाहिलं होतं की शत्रूचं डोकं तेच ठेवून नुसता जीव वाढवला तरी खेळणारे म्हणतात, हा जास्त हुशार आहे. कारण साधं आहे. दोन सेकंदांत मेला तर त्याची हुशारी दिसणार कधी?

खडूस
हे मात्र मला पटलं, आणि यातूनच मरॉडर वाईट का ते सांगतो. तो हुशारी दाखवत नाही, तो तुमची हुशारी काढून घेतो. तासन् तास कमावलेली सात-आठ हत्यारं, आणि हा म्हणतो एकच वेळ, एकच अंतर, एकच बार. नियम पाठ करणं म्हणजे चाल ओळखणं नव्हे.

त्यापेक्षा 'डूम २' (१९९४) चा आर्चव्हाइल घ्या. तो मेलेल्या राक्षसांना उठवतो. त्याची आग तुमच्यावर पेटायला वेळ घेते, तेवढ्यात त्याच्या नजरेआड झालात तर वाचलात. बस, दोनच गोष्टी. पण त्याने अख्ख्या खोलीचा अर्थ बदलतो. खांब कुठे आहे? मढी कुठे पडलीत? त्याला आधी मारू की त्याने उठवलेल्यांना? तीस वर्षं झाली, लोक अजून त्यावर नकाशे बनवतायत. मरॉडरसाठी कोण नकाशा बनवेल?

तिसरी लाइफ
आर्चव्हाइलपुढे मी हात टेकते, तो राजा आहे. पण 'हुशारी काढून घेतो' याला हरकत. ज्याला सगळी हत्यारं येतात त्याला 'थांबता येतं का?' हे विचारायला कुणीतरी हवंच. चिडचिड होते कारण आपल्याला ते येत नाही.

मंदगती
दोघांचं चालू द्या, मी जरा वेगळ्या वाटेने जातो.

माझे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत. हे रडगाणं नाही, माहिती म्हणून सांगतोय. १९८६ च्या 'कॅसलव्हेनिया'मधली मेड्युसाची डोकी आठवतात का? हवेत नागमोडी लाटेसारखी वरखाली होत येणारी. एका डोक्याचा धक्का लागला की माणूस मागे फेकला जातो, आणि मागे नेमका खड्डा. जीव भरलेला असून उपयोग काय, खड्ड्यात गेलात की संपलं. तेव्हा हे मी डोळे मिटून पार करायचो. मागच्या महिन्यात परत बसलो. सतरा वेळा खड्ड्यात. चाल मला पूर्ण पाठ आहे, कुठलं डोकं कुठे येणार ते तोंडाने सांगतो, आणि तरी अंगठा अर्धा क्षण उशिरा.

म्हणून नव्या गेममधल्या काही न दिसणाऱ्या दया मला फार मोलाच्या वाटतात. 'सेलेस्ट' (२०१८) मध्ये कडा सुटल्यानंतरही क्षणभर उडी मारता येते. जमिनीला टेकायच्या जरा आधीच बटण दाबलंत तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्या टेकल्या उडी देतो. डोकं कोपऱ्याला घासलं तर हळूच बाजूला सरकवतो. खेळताना यातलं काहीच जाणवत नाही. वाटतं, वा, आज जमतंय! अवघड आहेच तो, पण खडूस नाही. (आयडीवर जाऊ नये.)

आणि जुन्याची चाल राखून दया कशी करावी याचं उदाहरण म्हणजे 'स्ट्रीट्स ऑफ रेज ४'. १९९४ च्या तिसऱ्या भागानंतर थेट २०२०. या मालिकेच्या दुसऱ्या भागात खास फटका मारला की स्वतःचाच जीव खर्च व्हायचा, म्हणून आम्ही तो मरायला टेकल्याशिवाय वापरायचोच नाही. चौथ्या भागात खर्च झालेला जीव हिरवा होऊन पट्टीवर थांबतो. मार न खाता शत्रूंना हाणत राहिलात तर परत मिळतो. मध्ये एक जरी फटका बसला की गेला. म्हणजे किंमत तीच ठेवली, फक्त उसनवारीची सोय केली. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की हे बनवणारे आमच्यासारखेच तो फटका जपून जपून न वापरता मेलेले लोक आहेत.

पिक्सेलपाखरू
मंदगतीकाका, 'जपून जपून न वापरता मेलेले'... माझ्या प्रत्येक गेमच्या शेवटी झोळीत औषधांच्या ऐंशी बाटल्या शिल्लक असतात.

'सॉनिक मेनिया' (२०१७) पण याच पंगतीतला. चाहतेच पुढे होऊन बनवणारे झाले. जुन्या लेव्हलचा पहिला भाग ओळखीचा, दुसऱ्यात वाट वाकडी करतात. केमिकल प्लांट या लेव्हलच्या शेवटी मालिकेचा खलनायक एगमन येतो, तुम्ही उड्या मारायच्या तयारीत, आणि समोर रंगीत गोळ्या जुळवायचं कोडं! मालिकेच्याच एका जुन्या कोड्याच्या गेमची आठवण. मी पाच सेकंद बटणं दाबून उडी मारायचा प्रयत्न करत होते.

तिरकी चाल
आणि 'मेगा मॅन ९' (२००८)? तो तर मुद्दाम मागे गेला. तिसऱ्या भागात आलेली घसरण काढली, चौथ्या भागातला दाबून धरून मारायचा मोठा बार काढला, थेट दुसऱ्या भागाच्या काळात नेऊन ठेवलं. वर एक पर्याय: हवं असेल तर पडद्यावर गर्दी झाल्यावर जुन्या मशीनसारखी चित्रं लुकलुकतील. खडूसरावांची 'मशीनची दमछाक', एका बटणावर!

सिक्वेलने अवघडपणा किती राखावा याचं दुसरं टोक म्हणजे १९८६ चा जपानमधला 'सुपर मारिओ ब्रदर्स २'. मशरूम दिसला की धावायचं हे पहिल्या भागाने शिकवलं, याने विषारी मशरूम ठेवला. शॉर्टकट शोधायचं शिकवलं, याने मागे नेणारे शॉर्टकट ठेवले. ज्यांनी पहिला घोटून पिलाय त्यांच्यासाठीच तो होता. अमेरिकेत तो तेव्हा पाठवलाच नाही, १९८८ मध्ये तिथे दुसराच एक गेम मारिओचे कपडे घालून 'भाग दोन' म्हणून गेला. तिसरी लाइफ, चेहरा तोच आणि चाल भलतीच, हे प्रकरण इतकं जुनं आहे!

तिसरी लाइफ
हा हा, आणि तो भलता गेम मला आवडतो. माझ्याच धाग्यावर माझाच मुद्दा पडला.

रात्रवेडा
चालीवरून एक उलटा नमुना. 'ऑब्लिव्हियन' (२००६). तुमची लेव्हल वाढली की सगळ्या जगाची वाढते. आडरस्त्यावरचा भुरटा दरोडेखोर काचेचं महागडं चिलखत घालून येतो आणि शंभर नाणी मागतो. अरे बाबा, ते चिलखत विक, घर घे! शिवाय गुण नीट वाढवले नाहीत तर लेव्हल वाढून तुम्ही दुबळेच होता, म्हणून लोक गेममध्ये झोपतच नव्हते. झोपलं की लेव्हल वाढते ना. जगाला वाचवणारा वीर, महिनोन् महिने जागा.

२०२५ च्या रीमास्टरमध्ये गुण वाढवायची पद्धत सुधारली, धावायची सोय दिली. पण काचेचं चिलखतवाला भिकारी आहे तिथेच आहे. आणि खरं सांगू? तो दिसल्यावर मला इतका आनंद झाला की शंभर नाणी देऊन टाकली.

खडूस
बघा! ही चाल वाईट होती, सगळे म्हणायचे वाईट आहे, आणि ती परत दिसल्यावर हा माणूस पैसे देतोय. मी वर वयाबद्दल म्हटलं ते यालाच.

रात्रवेडा
मान्य. पण दुसऱ्याला नाही दिले. त्याला मारलं.

नवशिकी
सगळं वाचून मूळ 'डूम २' उतरवून घेतला. आर्चव्हाइलपर्यंत अजून पोचायचेय. एक शंका: वर-खाली नेम धरताच येत नाही का? मी माउस वर ओढत होते तर माणूसच पुढे चालायला लागला.

खडूस
नाही येत. समोर उभी रेघ धरून मार, वरचा असेल तरी लागतो. आणि राक्षसांना एकमेकांच्या मध्ये आण, एकाचा मार दुसऱ्याला लागला की ते आपसात भांडतात. गोळ्या वाचव. ते बघत उभं राहण्याइतकं सुख दुसरं नाही. फक्त आर्चव्हाइलवर हा डाव चालत नाही, त्याचं कुणी वाकडं करत नाही.

मंदगती
खडूसराव इतके प्रेमळपणे समजावतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

तिसरी लाइफ
बातमी: मेला. मरॉडर. अकराव्या प्रयत्नात. खडूस, तुमचंच म्हणणं डोक्यात ठेवून खेळले, की हा एकच अंतर मागतो. मग म्हटलं, अंतर मी कशाला मोजू? एका जागी न थांबता त्याच्याभोवती गोल फिरत राहिले, तो स्वतःच पावलं टाकत त्या मधल्या अंतरावर येत होता. हिरवं चमकलं, बार. परत गोल. म्हणजे थांबायचं नव्हतंच, मी इतकी वर्षं उगाच थांबत होते.

पिक्सेलपाखरू
अभिनंदन!! मग आता तो चांगला शत्रू की वाईट?

तिसरी लाइफ
पुढच्या लढाईत तो एकटा येत नाही. ते झालं की सांगते.

खडूस
वाईट.